मेडल घेताय? आधी कड वाचा

पुण्यात बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार असो नाहीतर मुंबईचा चोर बाजार. घड्याळं, कुलपं, अडकित्ते आणि जुनी नाणी यांच्या पसाऱ्यात कधीतरी पंचम जॉर्जची छाप असलेलं एक जाड, काळवंडलेलं मेडल हाती लागतं. विक्रेता ते तळहातावर तोलून म्हणतो, "चांदी आहे, वजन बघा." चांदी असते, त्यात खोटं काही नाही. पण चांदीचा भाव कुठलाही सराफ दोन मिनिटांत सांगेल. संग्राहक ज्याचे पैसे मोजतो ते मेडलच्या कडेवर असतं: शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण.

ब्रिटिश काळात भारतीय सैनिकांना मिळालेल्या बहुतेक युद्धपदकांवर ही नोंद आहे. त्या नावामागचा माणूस शोधायचे बरेच मार्ग फुकट किंवा स्वस्त आहेत. तरी नवखे संग्राहक पैसे आधी धातूवर घालतात आणि नाव घरी आल्यावर वाचतात. क्रम उलटा केला तर खिसाही वाचतो आणि फसगतही टळते. पुढचे भाव ढोबळ आहेत. मेडलची अवस्था, पलटण आणि चांदीचा दर यांप्रमाणे ते खालीवर होतात.

बाजारात काय मिळतं आणि कितीला

*ब्रिटिश वॉर मेडल (1914-20).* पहिल्या महायुद्धातलं सर्वाधिक दिसणारं मेडल. व्यास 36 मि.मी., वजन एका औंसाच्या म्हणजे 31 ग्रॅमच्या आसपास, चांदी 92.5 टक्के. हिशेब सोपा आहे: शुद्ध चांदी साधारण 28 ते 29 ग्रॅम. चांदी किलोला 1 लाख असेल तर मोडीचा भाव 2,800-2,900 रुपये, 2 लाख असेल तर त्याच्या दुप्पट. घासाघीस करताना हा तळाचा आकडा डोक्यात ठेवा. साध्या शिपायाच्या मेडलला मोडीच्या वर हजार-दोन हजार देणं ठीक. त्याहून जास्त मागितले तर कडेवर तसं काही कारण दिसलं पाहिजे. 1979-80 मध्ये चांदी भडकली तेव्हा अशी असंख्य मेडलं वितळवली गेली. चांदीच्या प्रत्येक तेजीत तेच घडतं. मजूर तुकड्यांतल्या माणसांना हेच मेडल कांस्याचं मिळालं. त्यात चांदीचा कणही नाही, पण ते कमी दिसतं आणि म्हणून चांगल्या भावाला जातं.

*व्हिक्टरी मेडल.* कांस्याचं, इंद्रधनुषी फितीचं. चांदीचा जोडीदार मोडीत गेल्यामुळे हे बऱ्याचदा एकटंच सापडतं. 1,000 ते 2,500 रुपये. सुरुवात करायला याहून चांगली वस्तू नाही, कारण नाव तेच, माणूस तोच आणि चांदीचा भुर्दंड नाही.

*1914-15 स्टार.* या ताऱ्याला कड नसते. नाव पाठीवर असतं. वरच्या दोन्ही मेडलांसह त्याच माणसाचा पूर्ण संच मिळाला तर सुट्या तिघांच्या बेरजेपेक्षा जास्त मोजायला हरकत नाही.

*इंडियन जनरल सर्व्हिस मेडल (1908).* मुख्यतः वायव्य सरहद्दीवरच्या मोहिमांचं, चांदीचं. फितीवरच्या पट्टीवर मोहिमेचं नाव असतं, उदाहरणार्थ 'अफगाणिस्तान एन.डब्ल्यू.एफ. 1919' किंवा 'वझिरिस्तान 1919-21'. किमतीत पट्टीला मोठं महत्त्व आहे आणि पट्ट्या बदलल्याही जातात. म्हणून पट्टीवरची मोहीम आणि कडेवरची पलटण यांचा मेळ बसतो का ते पाहा. साधारण 5,000 ते 10,000 रुपये.

*दुसरं महायुद्ध.* 1939-45 स्टार, आफ्रिका स्टार, इटली स्टार, बर्मा स्टार, वॉर मेडल, इंडिया सर्व्हिस मेडल. ब्रिटिश सैनिकांना ही मेडलं विनानावाची मिळाली. भारतीयांच्या मेडलांवर मात्र बऱ्याचदा नाव घातलेलं असतं. एकेक 500 ते 2,000 रुपयांत मिळतं. मराठा पलटणी पूर्व आफ्रिका, उत्तर आफ्रिका, इटली आणि बर्मा या सगळ्या आघाड्यांवर लढल्या, त्यामुळे साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या घरांत हे तारे सापडतात.

*स्वातंत्र्यानंतरची मेडलं.* 1947 चं स्वातंत्र्य मेडल, 'जम्मू अँड काश्मीर' पट्टीचं जनरल सर्व्हिस मेडल, 1965 चा समर सेवा स्टार, 1971 चे पूर्वी आणि पश्चिमी स्टार. जनरल सर्व्हिस मेडलवर 'गोवा 1961' अशीही पट्टी आहे. गोव्याच्या संग्राहकांनी ती जरूर शोधावी. छावणीतल्या शिंप्यांकडे गणवेशावर लावायला तयार संच मिळतात. त्यांवर नाव नसतं आणि संग्रहाच्या दृष्टीनं त्यांना किंमतही नसते.

*शौर्यपदकं.* 1837 पासूनचं इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट आणि 1907 पासूनचं इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल. हा खेळ 50,000 रुपयांच्या पुढचा आहे आणि नकलाही इथेच जास्त. इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे (1944) आणि नामदेव जाधव (1945) यांच्यासारख्या नावाचं मेडल कुणी टपरीवर दाखवलं, तर ते नकली समजून पुढे चला.

*आर्मी ऑफ इंडिया मेडल.* 1803 ते 1826 मधल्या लढायांसाठी हे 1851 मध्ये, म्हणजे लढायांनंतर पाव शतक ते अर्धशतक उलटल्यावर दिलं गेलं. पट्ट्यांवरची बरीच नावं आपल्याच मुलखातली आहेत: असई, अरगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, कोरेगाव. एवढ्या काळानंतर हयात आणि अर्ज करण्याजोगे उरलेले बहुतेक गोरेच होते, त्यामुळे हिंदी शिपायाच्या नावाचं मेडल अतिदुर्मिळ. 'कोरेगाव' पट्टी तर फारच थोड्यांना मिळाली. कुणी ती हजारांत देऊ लागला तर ती खरी नाही. खरी लाखांत जाते आणि लंडनच्या लिलावात जाते.

कड वाचायची कशी

तीन हत्यारं पुरतात: दसपट भिंग (300 ते 500 रुपये), डिजिटल व्हर्नियर कॅलिपर (500 ते 1,000) आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा खिशातला वजनकाटा (400 ते 700). टॉर्च मोबाईलचा चालतो.

मेडल दोन बोटांत उभं धरा आणि उजेड कडेवर तिरका पाडा. पहिल्या महायुद्धाच्या मेडलांवर अक्षरं ठशांनी दाबलेली असतात. खळगा स्वच्छ, त्याचे काठ रेखीव आणि शतकाचा काळपटपणा अक्षराच्या आतही तितकाच मुरलेला. जुनं नाव कानशीनं घासून नवं ठोकलं असेल तर तेवढी कड किंचित बसलेली दिसते, बारीक समांतर रेघा उमटतात आणि अक्षरांभोवतीचा धातू उजळ लागतो. आता कॅलिपर चार दिशांनी लावा. तीन ठिकाणी 36 मि.मी. आणि चौथ्या ठिकाणी साडेपस्तीस आलं, तर तिथला धातू कुणीतरी खाल्ला आहे. मेडल खाली ठेवा.

ओतीव नक्कल ओळखायला राजाची दाढी बघा. ठशाच्या मेडलवर केस वेगवेगळे दिसतात. ओतीव मेडलवर ते बुजलेले असतात आणि सपाट भागावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात. वजनातही ते सहसा हलकं भरतं.

कडेवरची मराठी नावं इंग्रजी कारकुनांनी कानाला लागली तशी लिहिली आहेत. जाधव, शिंदे, पवार यांची तीन-चार रूपं सापडतात. शोध घेताना सगळी रूपं घालून पाहा. शिपायाचे नंबर त्या काळी पलटणीपुरते असत. एकच नंबर दुसऱ्या पलटणीत दुसऱ्याचा असू शकतो, म्हणून नंबर आणि पलटण कायम एकत्र लिहून ठेवा.

माणूस शोधायचा: आधी फुकटचं, मग पैशाचं

समजा कडेवर '110 मराठा लाइट इन्फन्ट्री' आहे. लगेच इतकं कळतं: 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी सहाव्या (पुणे) डिव्हिजनबरोबर इराकात होत्या आणि कुतच्या वेढ्यात अडकल्या. वेढा डिसेंबर 1915 पासून चालला आणि 29 एप्रिल 1916 रोजी शरणागतीनं संपला. 1922 च्या फेररचनेत 103, 105, 110, 116 आणि 117 या अनुक्रमे पाचव्या मराठा रेजिमेंटच्या पहिल्या ते पाचव्या बटालियन झाल्या, आणि 114 ही प्रशिक्षणाची दहावी. 110 ची झालेली तिसरी बटालियन स्वातंत्र्यानंतर पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि 2 पॅरा झाली. '111 महार' असेल तर ती 1917 मध्ये उभारलेली आणि युद्धानंतर लवकरच मोडलेली पलटण. तिची मेडलं कमी आणि मागणी जास्त. आजची महार रेजिमेंट 1941 ची आहे. पुढच्या पायऱ्या अशा:

• कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी: फुकट. युद्धात मेलेल्यांचीच नावं इथे मिळतात. इराकातल्या बसरा स्मारकाच्या यादीत 40,000 हून अधिक नावं आहेत. भिंतीवर मात्र भारतीयांपैकी फक्त अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, शिपाई फक्त संख्येत मोजले गेले. त्यांची नावं नोंदवहीत राहिली. याच नोंदींत अनेकदा बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा लिहिलेला असतो. नाव सापडलं नाही तर निराश होऊ नका. परदेशी गेलेल्या दहा लाखांहून अधिक भारतीयांपैकी मृत 74,000 च्या आसपास. तुमचा शिपाई बहुधा घरी परतला होता.

• रेड क्रॉसचं युद्धकैद्यांचं दप्तर (1914-18): फुकट. कुतमध्ये पकडल्या गेलेल्या पलटणींसाठी इथे बघायलाच हवं.

• लंडन गॅझेट आणि अभिलेख पटल: शोध फुकट. शौर्यपदक किंवा खलित्यातला उल्लेख असेल तर तारीख इथे लागते. अभिलेख पटल हे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं संकेतस्थळ.

• लंडनचं नॅशनल आर्काइव्हज: कागदाला साधारण 3-4 पौंड. भारतीय शिपायांची मेडल कार्डं तिथे थोडकीच आहेत; त्यासाठी पैसे टाकू नका. पलटणीची युद्धदैनंदिनी मात्र घ्या. त्यात शिपायाचं नाव क्वचितच येतं, पण कोणत्या दिवशी पलटण कुठे होती आणि किती माणसं पडली ते कळतं. जुन्या मोहिमांच्या मेडल याद्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. तिथला वाचक-परवाना फुकट, पण जायला माणूस हवा. भाड्याचे संशोधक तासावर पैसे घेतात, साधारण 25 ते 40 पौंड. तीन तासांहून जास्त काम एकदम देऊ नका.

• रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस: 10 रुपये आणि टपाल. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. आधी साधं पत्र लिहा: नंबर, हुद्दा, नाव, बटालियन आणि तुमचं नातं. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. केंद्राचं शुल्क 10 रुपये, प्रतीसाठी पानाला 2 रुपये. कलम 8(3) चा उल्लेख करा. 20 वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती देताना, देशाची सुरक्षा, संसदेचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद एवढे अपवाद सोडले तर, बाकी बहुतेक सबबी चालत नाहीत. 'शीट रोल' हा शब्द अर्जात घाला. शिपायाच्या नोकरीचा सगळा पट त्यात असतो. दुसऱ्या महायुद्धाचे कागद मिळण्याची आशा बरी. पहिल्याचे क्वचितच हाती लागतात.

• जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय: फुकट. महाराष्ट्र सरकार दुसऱ्या महायुद्धातल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना मानधन देतं, त्यामुळे या कार्यालयात गाववार नावं असतात.

• गाव: एसटीचं भाडं. साताऱ्यातलं अपशिंगे (मिलिटरी) सगळ्यांना माहीत आहे, पण कोकण आणि घाटमाथ्यावरच्या कितीतरी गावांच्या चावडीला, शाळेला किंवा देवळाला 'या गावातून इतके जण 1914-19 च्या युद्धात गेले' अशी पाटी आहे. पोलीस पाटील, शाळेचं जुनं रजिस्टर, तहसील कचेरीतले फेरफार या क्रमानं विचारत जा. पहिल्या महायुद्धानंतर काही सैनिकांना जंगी इनाम मिळालं होतं. त्याची आठवण घरच्यांकडे असते. 'डिस्चार्ज बुक आहे का?' हा प्रश्न विसरू नका. मेडलं विकली गेली तरी ते पुस्तक ट्रंकेत राहतं.

पुस्तकांत दोनच घ्या. राणा छिना यांचं इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडलवरचं पुस्तक, आणि त्यांनीच एडवर्ड हेन्स यांच्यासह लिहिलेलं स्वतंत्र भारताच्या मेडलांवरचं पुस्तक. विकत घेण्याआधी ग्रंथालयात पाहा. जुन्या प्रती महाग पडतात.

लिलावात हातोड्याच्या पुढचा खर्च

मुंबईत टोडीवाला आणि ओसवाल, बंगळूरात मरुधर, लंडनमध्ये नूनन्स आणि स्पिंक ही लिलावाची ठरलेली घरं. टपरीपेक्षा इथे भाव चढा, पण पावती मिळते आणि फोटोसह वर्णन मिळतं. मात्र हातोडा पडला तो शेवटचा आकडा नव्हे. समजा बोली 10,000 वर थांबली आणि घराचं कमिशन 20 टक्के आहे. कमिशन 2,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 360, विमा-कुरिअर 400. तुम्ही मोजता 12,760 रुपये. लंडनहून 100 पौंडांची वस्तू घेतली तर कमिशन, त्यावरचा कर, विम्यासह कुरिअर आणि कार्डावरचं परकीय चलनाचं शुल्क धरून दीडशे पौंडांच्या वर जाते, आणि आयात शुल्क वेगळं. म्हणून बोली लावण्याआधी एकूण रकमेतून उलट हिशेब करा. खर्चायचे असतील एकूण 10,000, तर 7,700 ला हात खाली घ्या.

कायदा आणि पावती

पुरावस्तू व कलासंपदा अधिनियम, 1972 मध्ये 100 वर्षांची मर्यादा आहे. पहिल्या महायुद्धाची मेडलं ती ओलांडून गेली आहेत. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. परदेशातल्या नातेवाइकाला पणजोबांचं मेडल पाठवण्याआधी किंवा बॅगेत टाकून नेण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा. विमानतळावर जप्त झालं तर सोडवून आणण्याचा खर्च मेडलपेक्षा जास्त येईल.

दुसऱ्याची मेडलं छातीवर लावून सैनिक असल्याचा आव आणणं हा गुन्हा आहे. संग्रह फ्रेममध्ये ठेवा. टपरीवर घेतलं तरी कच्ची पावती, तारीख आणि विक्रेत्याचं नाव मागा. चोरीचा माल निघाला तर तीच तुमची बाजू. अलीकडच्या युद्धाचं, हयात सैनिकाचं वाटणारं मेडल स्वस्तात मिळत असेल तर घेऊ नका.

जपणूक: खर्च कमी, पथ्य जास्त

चिंच, राख, पितांबरी यांपैकी काहीही मेडलला लावू नका. काळा थर गेला की अक्षरांचे काठही झिजतात आणि किंमत उतरते. मळ असेल तर मऊ सुती कापड, बस. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांतून कालांतरानं रसायन सुटतं आणि धातूवर हिरवट चिकटा येतो. त्याऐवजी मायलरची पाकिटं किंवा आम्लमुक्त कागद वापरा (200 ते 500 रुपये). कोकणात आणि मुंबईत डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्याआधी बदला. मूळ फीत विटली असली तरी टाकू नका. नवी हवी तर काही शे रुपयांत मिळते. जुनी वेगळ्या पाकिटात त्याच डब्यात राहू द्या.

पहिल्या वर्षाचं बजेट

• भिंग, कॅलिपर, काटा: 1,500
• एक व्हिक्टरी मेडल, नाव स्पष्ट, पलटण महाराष्ट्राशी जोडलेली: 2,000
• रेकॉर्ड ऑफिसची पत्रं, माहिती अधिकार, प्रती: 200
• युद्धदैनंदिनीचे दोन-तीन भाग: 1,500
• एक संदर्भग्रंथ: 2,500 ते 3,000
• गावाची एक फेरी: 1,000
• साठवणीचं सामान: 500

एकूण साधारण साडेनऊ हजार, आणि त्यात मेडलचा वाटा चौथ्या भागाहूनही कमी. हा माणूस पुरता शोधून झाल्याशिवाय दुसरं मेडल घेऊ नका.

ज्यांच्या घरातच मेडल आहे त्यांना तर पहिला खर्चही नाही. विकायचं असेल तर सराफाकडे नेऊ नका, तो वजन करील. लिलाव घराला दोन्ही बाजूंचे आणि कडेचे स्वच्छ फोटो पाठवा. अंदाज बहुधा फुकट मिळतो. विकायचं नसेल तर कडेवरचं नाव, आजोबा-पणजोबांचं खरं नाव, गाव आणि ऐकीव माहिती एका कागदावर लिहून मेडलबरोबर ठेवा. विकत घेतलेल्या मेडलच्या शोधात सैनिकाच्या घरच्यांचा पत्ता लागला, तर त्यांनाही त्या कागदाची प्रत द्या. मेडल परत करायचं की नाही हा तुमचा प्रश्न. माहिती मात्र त्यांचीही आहे, आणि ती द्यायला झेरॉक्सच्या दोन रुपयांपलीकडे काही लागत नाही.